कुंचला, फवारा आणि पेणचे गणपती

पेण, हमरापूर, जोहे, कळवे. रायगड जिल्ह्यातल्या या गावांत पावसाळा आला की गणपतीच्या कारखान्यांतून कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते. देवधरांसारख्या घराण्यांनी शाडूच्या मूर्तींसाठी पेणचे नाव गाजवले, त्या काळात ही घरघर नव्हती. अंगाच्या रंगापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत सगळे काम कुंचल्याचे होते.

हवेने रंग उडवण्याची युक्ती इथली नाही आणि ती मूर्तींसाठी जन्मलीही नाही. 1879 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अ‍ॅब्नर पीलर याने एअरब्रशचा पहिला नमुना बनवला. त्याचा उपयोग मुख्यतः मोठ्या केलेल्या छायाचित्रांवर हात फिरवण्यासाठी होई. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात पेनासारखा हातात धरायचा सुधारित एअरब्रश लोकांसमोर आला. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला तोही 1893 मध्येच. एअरब्रश आणि गणेशोत्सव या दोन गोष्टी पुढे एकाच कारखान्यात नांदतील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसावे.

स्प्रे गनचे मूळ तर डॉक्टरच्या पेटीत सापडते. ओहायोतल्या डॉ. अ‍ॅलन डेव्हिलबिस यांनी रुग्णाच्या घशात औषध फवारण्यासाठी उपकरण तयार केले. त्यांच्या मुलाने 1907 च्या सुमारास तेच तत्त्व रंगासाठी वापरले.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि रबरी साच्यांमुळे मूर्ती झपाट्याने निघू लागल्या. एकट्या कुंचल्याला हा वेग पेलणारा नव्हता, म्हणून यंत्र आत आले. त्यातूनच कामाची वाटणी झाली. अंगाचा सपाट रंग गनने मारायचा; गालांची लाली, सोंडेची छटा आणि पीतांबराच्या चुण्या बारीक फवाऱ्याने काढायच्या. डोळ्यांची आखणी मात्र हाताचीच राहिली. बुबुळ केसभर सरकले तरी मूर्तीचा भाव बदलतो, त्यामुळे कारखान्यात आखणी करणाऱ्याचा मान वेगळा.

छोटी मॉडेल्स रंगवणाऱ्यांना यातून बरेच शिकता येते. गनचे छिद्र साधारण 1 मिमी किंवा त्याहून मोठे असते आणि तिला हवाही भरपूर लागते. बोटभर उंचीच्या शिपायाला 0.2 ते 0.3 मिमी नोझलचा एअरब्रश आणि 15 ते 30 पीएसआय दाब पुरतो. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये कळ दाबली की हवा आणि रंग एकदमच सुटतात. डबल अ‍ॅक्शनमध्ये कळ दाबल्यावर हवा आणि मागे ओढल्यावर रंग येतो. हात बसायला वेळ लागतो, पण छटा त्यातच साधतात.

खरी परीक्षा कॉम्प्रेसरची, तीही किनाऱ्यावर. वसई तालुक्यातल्या राजोडीसारख्या समुद्रकाठच्या गावात आषाढ-श्रावणात हवा ओलीचिंब असते. ती दाबली आणि मग थंड झाली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. ते नळीतून पुढे गेले की रंगावर ठिपके उठतात. गणपतीचे रंगकाम ऐन पावसाळ्यातच चालते, म्हणून टाकीतले पाणी वेळच्या वेळी काढावे लागते.

तेव्हा खरेदी करताना एअरब्रशच्या नावापेक्षा कॉम्प्रेसर आधी पाहावा. टाकी असली तर पंपाचे हिसके फवाऱ्यात उतरत नाहीत. दाब बदलायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप मात्र हवाच. 0.3 मिमीचा डबल अ‍ॅक्शन एअरब्रश सुरुवातीला पुरेसा आहे. तोंडाला मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी आणि डोळे रंगवायला एक बारीक कुंचला जवळ असू द्यावा.