दुसऱ्याच कामासाठी बनलेली वंगणं

शरीरसंबंधात वापरल्या जाणाऱ्या वंगणांचा इतिहास पाहू लागलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. त्यांतलं जवळजवळ एकही मुळात त्या कामासाठी बनलेलं नाही. एखादं स्वयंपाकघरातून आलं, एखादं शस्त्रक्रियेच्या टेबलावरून, एखादं तेलविहिरीच्या पंपावर साचणाऱ्या मेणकटातून, तर एखादं लढाऊ विमानाच्या इंजिनातून. गरज जुनीच होती, पण तिच्यासाठी वेगळं काही घडवावं असं फार उशिरापर्यंत कुणाला सुचलं नाही. ही नुसती गमतीची माहिती आहे असं मला वाटत नाही. कुठलं वंगण कशाला चालतं आणि कशाला चालत नाही, याचे जे नियम आज सांगितले जातात, ते बहुतेक त्या-त्या पदार्थाच्या पहिल्या नोकरीतून आलेले आहेत. ती नोकरी ठाऊक असली तर नियम घोकावे लागत नाहीत.

सगळ्यांत जुनं अर्थातच तेल. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथात, काही स्त्रिया संबंधापूर्वी ऑलिव्हच्या तेलात धूप मिसळून त्याचा लेप लावतात, असा उल्लेख येतो. पण तिथे हेतू गर्भ राहू नये एवढाच आहे. सुखाचा किंवा वेदनेचा विषयच नाही. गंमत म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांनी, विसाव्या शतकात, ब्रिटनमधल्या मेरी स्टोप्सही गर्भनिरोधासाठी त्याच ऑलिव्ह तेलाची शिफारस करत होत्या. त्यांनी लंडनमध्ये दवाखाना उघडला तो १९२१ साली, आणि त्याच वर्षी र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. आपल्याकडच्या आयुर्वेदातही तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे पिचू, योनीत ठेवण्याचा उपचार आहे. तो रोगावरचा इलाज. या सगळ्या ठिकाणी तेल आहे, शरीर तेच आहे, फक्त प्रश्न दुसरा आहे.

याला सणसणीत म्हणावा असा एक अपवाद जपानमध्ये सापडतो. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, तिथे ‘त्सूवासान’ नावाची भुकटी याच कामासाठी विकली जाई. ती ‘तोरोरो-आओई’ या झाडाच्या मुळांपासून करत. हे झाड आपल्या भेंडीच्या कुळातलं. सह्याद्रीत पावसाळ्यात पिवळ्या फुलांनी उठून दिसणारी रानभेंडी ती हीच. भुकटी थुंकीत भिजवली की बुळबुळीत चिकट द्राव तयार होई. पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांत तिचा वापर विशेष होता, कारण तिथे शरीर स्वतःचा ओलावा पुरवत नाही. पण अपवादातही उसनवारी आहेच: याच मुळाचा चिकट रस जपानी कागद करणारे कारागीर लगद्यात घालत, धागे पाण्यात सारखे पसरावेत म्हणून. वंगण म्हणजे कंपन्यांनी जाहिरातबाजीने निर्माण केलेली नकली गरज, असं म्हणणाऱ्यांना या भुकटीचं उत्तर द्यावं लागेल. तिच्या मागे कुठलीही बहुराष्ट्रीय कंपनी नव्हती. गरम वाटणारी, गार वाटणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची जेलं ही मात्र निखालस बाजाराची देणगी आहे, आणि तिथे हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

आधुनिक काळाची सुरुवात दोन पदार्थांनी होते. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या पंपांवर साचणारा मेणचट थर गाळून रॉबर्ट चीझब्रोनं व्हॅसलिन काढलं आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. ते जखमांसाठी, भाजल्या-कापल्यावर लावायला होतं. कातडीवर टिकून राहणं हा त्याचा गुण, आणि शरीराच्या आत तोच गुण दोष ठरतो, कारण ते पाण्यानं धुतलं जात नाही. दुसरा पदार्थ १९०४ साली न्यूयॉर्कच्या व्हॅन हॉर्न अँड सॉटेल या कंपनीनं आणलेली ‘के-वाय’ जेली. ती डॉक्टरांसाठी होती: तपासणीच्या बोटाला, नळीला, उपकरणाला लावायची, आणि काम झालं की पाण्यानं धुऊन टाकायची. तेलाचा अंश नसल्यानं रबराच्या उपकरणांना तिचा अपाय नव्हता. १९१७ मध्ये ती जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेली, आणि चिठ्ठीशिवाय दुकानात मिळायला १९८० साल उजाडावं लागलं. पाण्यात विरघळणारी आजची सारी जेलं तिच्याच वंशातली. लवकर वाळतात, पुन्हा पुन्हा लावावी लागतात, अशी त्यांची तक्रार होते. पण दोन मिनिटांच्या तपासणीसाठी बनलेल्या वस्तूकडून अर्ध्या तासाची अपेक्षा करायची, तर थोडं पाणी शिंपडून ती पुन्हा ओली करणं एवढंच हातात उरतं.

मग लेटेक्सचा कंडोम आला आणि तेलाचं भवितव्य ठरलं. नैसर्गिक रबर हे हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्यांचं जाळं. तेल त्यात शिरतं, जाळं फुगतं आणि विरविरीत होतं. पाणी तसं शिरत नाही. रबर ओळखणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, पण बिछान्यापर्यंत ही माहिती पोचली नव्हती. एड्सची साथ सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांत व्हॅसलिन आणि स्वयंपाकातलं घट्ट वनस्पती तूप, तिकडचं ‘क्रिस्को’, सर्रास वापरात होतं. कंडोम वापरा, असं सगळे सांगत होते. त्याच्यावर काय लावा हे फारसं कुणी सांगत नव्हतं. ते प्रयोगानं दाखवलं ब्रूस व्होलर आणि सहकाऱ्यांनी, १९८९ च्या शोधनिबंधात. खनिज तेलाचा संबंध अवघा एक मिनिट आला तरी हवा भरून फोडण्याच्या चाचणीत कंडोमची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली. व्होलर जीवशास्त्रज्ञ होते आणि समलिंगी हक्कांच्या चळवळीतले बिनीचे कार्यकर्तेही. ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता त्यांच्यातल्याच माणसानं तो विचारला, म्हणून उत्तर मिळालं, असं मी मानतो. आपल्याकडच्या खोबरेल तेलाला, साजूक तुपाला, बॉडी लोशनला हाच नियम लागू आहे. ‘पूर्वी लोक तूपच वापरत, काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्याला उत्तर सोपं आहे: पूर्वी मध्ये लेटेक्स नव्हतं. जिथे ते आजही नाही, आणि संसर्गाची वा नको असलेल्या गर्भाची भीती नाही, तिथे तेलाला सरसकट बंदी घालायचं कारण मलाही दिसत नाही.

साथीच्या घाईत एक उलटी चूकही झाली. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणू मारणारं रसायन प्रयोगशाळेत एचआयव्हीलाही मारतं, म्हणून कंडोमवर आणि जेलमध्ये ते घालण्याची शिफारस होऊ लागली. आफ्रिकेतल्या आणि थायलंडमधल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत मांडले गेले, आणि त्यात वारंवार वापरणाऱ्यांना धोका उलट वाढलेला दिसला. रसायन विषाणूला मारत होतं तसं आतल्या नाजूक अस्तरालाही सोलत होतं. रोगजंतूचा विचार झाला होता, अस्तराचा नव्हता. त्यानंतर कुठे वंगणाचा स्वतःचा परिणाम मोजायला सुरुवात झाली. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर घातलेलं जेल विरघळलेल्या कणांच्या हिशेबात रक्तापेक्षा कितीतरी पट दाट असतं. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. २०१२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लापत्रात या दाटपणाची मर्यादा शक्यतो ३८० आणि फार तर १२०० मिलिऑस्मोल असावी असं सांगितलं गेलं. रक्ताचा आकडा २९० च्या आसपास असतो. योनीसाठी आम्लतेचा आकडा (पीएच) साधारण ४.५, गुदमार्गासाठी ५.५ ते ७, हेही त्यातलंच.

सिलिकॉनची कथा युद्धातली. १९४३ साली डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली आणि तिचं पहिलं नावाजलेलं काम म्हणजे उंचावरच्या विमानांच्या इंजिनातली प्रज्वलन यंत्रणा ओलाव्यापासून वाचवणारा लेप. न वाळणं, न झिरपणं हाच त्याचा धर्म. म्हणून गुदसंभोगाला, पाण्यातल्या संबंधाला, किंवा जेल सारखं सुकतं अशी तक्रार असेल तिथे सिलिकॉनचं वंगण उपयोगी. लेटेक्सला त्याचा त्रास नाही, पण सिलिकॉनच्याच बनवलेल्या उपकरणाला असू शकतो. कंडोमवर आधीच लावलेलं वंगण बहुधा हेच असतं, मात्र थेंबभर. आपल्याकडे तर तेही उशिरा आलं. १९६८ पासून सरकारनं स्वस्तात विकलेला साधा निरोध कोरडा होता. लोकसंख्येच्या तक्त्यात भरायला तो तसाही चालत होता. वंगण लावलेला ‘डिलक्स’ मागाहून आला, सुखाचा उघड उच्चार १९९१ च्या ‘कामसूत्र’च्या जाहिरातींत झाला, आणि कंडोमबरोबर वेगळं जेल द्यायची कल्पना मुंबईत रुजली ती एड्स-प्रतिबंधाचं काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांमुळे.

सगळ्यांत जुना आक्षेप अजून राहिलाच: वंगण लागतं म्हणजे मनात ओढ नाही, किंवा नवऱ्याला घाई आहे. घाई असते, आणि तिच्यावर जेल हा इलाज नव्हे. पण ओलावा इस्ट्रोजेनवर अवलंबून असतो, आणि ते बाळाला अंगावर पाजताना घटतं, रजोनिवृत्तीनंतर घटतं, स्तनाच्या कर्करोगावरच्या काही औषधांनी घटतं. मन भरलेलं असूनही अंग कोरडं राहू शकतं. अशा बाईला प्रसंगापुरतं जेल अपुरं पडलं, तर दर दोन-तीन दिवसांनी लावायचं मॉइश्चरायझर वेगळं असतं, आणि इस्ट्रोजेनचं क्रीम त्याहून वेगळं. ते डॉक्टरला विचारूनच. मूल हवं असणाऱ्या जोडप्याची गरज आणखी निराळी, कारण बरीचशी जेलं, आणि थुंकीसुद्धा, शुक्राणूंची चाल मंद करतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यांनी त्यासाठी तपासलेलंच जेल मागावं. दुकानात जेल निवडताना अडचण एवढीच, की २०१२ चं ते सल्लापत्र घाऊक खरेदी करणाऱ्या यंत्रणांसाठी लिहिलेलं होतं. मेडिकलमध्ये एक नळी घेणाऱ्या माणसाला तिच्यावर मिलिऑस्मोलचा आकडा क्वचितच दिसतो. त्याच्या हाती घटकांची यादी असते, आणि तिच्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल अगदी वरच्या ओळीत असेल, गरम-गार वाटण्याचं आश्वासन असेल, तर आग होण्याची शक्यता धरून ती नळी परत ठेवणं बरं.