रनिंग इन : यंत्र घासून बसण्याचा इतिहास

मोटारीच्या इतिहासावरची पुस्तके मॉडेल, मालक, संस्थानिक आणि शर्यती यांनी भरलेली असतात. गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की तयार झाली, असे त्यांत गृहीत धरलेले असते. जुन्या गाड्यांबरोबर मालकाला मिळणाऱ्या माहितीपुस्तिका मी गेली काही वर्षे जमवतो आहे. त्या वाचताना हे गृहीत टिकत नाही. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात मोटारीच्या घडणीतले शेवटचे काम रस्त्यावर, विकत घेणाऱ्याच्या हातून होत असे. इंग्रजीत त्याला ‘रनिंग इन’ म्हणत. आपल्या गॅरेजांत त्याचे नुसते ‘रनिंग’ झाले.

पुस्तिकांतल्या सूचना थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत. पहिले ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, गाडी ताशी ४०-४५ मैलांच्या वर नेऊ नये. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. चढावर इंजिन धापा टाकू लागण्याआधी गिअर खाली घ्यावा. ठरलेले अंतर झाले की ऑइल बदलावे. ब्रिटनमध्ये १९५०-६० च्या दशकांत नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी पट्टी सर्रास दिसे. नवी कोरी गाडी मागच्यांना ‘पुढे जा’ म्हणून विनवत होती, कारण ती अजून पुरी झालेली नव्हती.

हे समजायला घरातले जाते आठवावे. जात्याला टाकी लावली की दगड पुन्हा खरखरीत होतो आणि दळण नीट पडते. पण टाकी लावल्यानंतरचे पहिले दळण कचकचते, म्हणून थोडे धान्य दळून ते टाकून देतात. इंजिनाचा सिलिंडर बोअर केल्यावर त्याच्या आतल्या भिंतीवर होनिंग करून एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडतात. त्या रेघांत ऑइल टिकते आणि त्यांच्या कडांवर पिस्टनच्या रिंगा घासून आपली जागा घेतात. फरक एवढाच, की जात्याची खरखर टिकवायची असते, तर इथे वरची टोके झिजून जायची असतात आणि खालच्या रेघा राहायच्या असतात. झिजलेला धातूचा कीस पहिल्या ऑइलबरोबर बाहेर काढतात. ते ऑइल म्हणजे टाकून द्यायचे पहिले दळण.

केंब्रिजच्या फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी या अनुभवाला शास्त्राचा आधार दिला. घर्षणावरचा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये आला. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात फक्त सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेले असतात, असे त्यांनी दाखवले. सारा भार त्या टोकांवर येतो, तिथे उष्णता वाढते आणि बेतशीर झीज झाली की भार पसरतो. झीज हे एरवी यंत्राचे दुखणे. या पहिल्या टप्प्यात मात्र ती घडणीचाच भाग असते.

रिंगांची गोष्ट आणखी बारकाव्याची आहे. इंग्लंडमधले रेल्वे अभियंते जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी फटीची धातूची रिंग आणली. तिच्या अंगची स्प्रिंग तिला भिंतीशी टेकवून ठेवते. मोटारीच्या इंजिनात मात्र जळणाऱ्या वायूचा दाबही रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. म्हणजे रिंग बसायला इंजिनावर थोडा भार यावाच लागतो. नवे इंजिन तासन्‌तास जागेवर चालू ठेवले किंवा फारच जपून चालवले, तर हा रेटा मिळत नाही. रेघांत ऑइल भाजून चकचकीत थर धरतो, रिंगा बसत नाहीत आणि गाडी कायमची ऑइल खाऊ लागते. फार दामटले तर पिस्टन तापून चिकटतो. रनिंग म्हणजे या दोन टोकांमधली वाट.

हे काम नेहमीच मालकावर सोडलेले नव्हते. फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात मॉडेल टी गाडीची बेअरिंगे व्हाइट मेटल ओतून करत आणि इंजिन बाहेरच्या शक्तीने फिरवून ती बसवत. पण रिंगा आणि सिलिंडर पूर्ण बसेपर्यंत प्रत्येक इंजिन भाराखाली चालवत ठेवणे मोठ्या उत्पादनाला परवडणारे नव्हते. म्हणून कारखान्याने उरलेले काम पुस्तिकेत लिहिले आणि ग्राहकाच्या हाती दिले.

आपल्याकडे या इतिहासाचे केंद्र कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचीच पुढची पिढी पद्मिनी झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. आकडे रुक्ष वाटतील, पण हिशेब करून पाहावा. मिनिटाला ३००० फेरे असताना प्रत्येक पिस्टन त्या एका मिनिटात ४५० मीटर घासत जातो. नवी रिंग किती थोड्या वेळात केवढे अंतर झिजते, ते यावरून कळते.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी याच गाडीवर चालली आणि तिचे इंजिन आयुष्यात एकदाच बांधले जात नसे. मिस्त्रींच्या भाषेत बोअर ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ असा वाढत जातो. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. त्यापुढे ब्लॉकला स्लीव्ह बसवायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेला इंजिन नवे होई आणि दर खेपेला रनिंग आले. कुर्ला आणि परळ भागांतल्या ज्या जुन्या मिस्त्रींशी मी बोललो, त्यांनी एकच अडचण सांगितली : टॅक्सीवाल्याला रनिंग परवडत नाही. गाडी भाड्याने चालवणाऱ्याला रोजचे पैसे मालकाला द्यावेच लागतात. तो हजार किलोमीटर हळू जाणार कसा? एका वयस्क मिस्त्रींनी त्यावर आपली रीत सांगितली. पहिले दोन दिवस फक्त जवळची भाडी, मधूनमधून वेग थोडा वाढवून पाय उचलायचा, संध्याकाळी बॉनेट उघडून दाखवायची. वेग वाढवून पाय उचलण्यामागचे कारण त्यांनी मला शास्त्राच्या शब्दांत सांगितले नाही, पण ते अचूक आहे. भाराने रिंग भिंतीवर रेटली जाते आणि पाय उचलल्यावर सिलिंडरमध्ये ओढले जाणारे ऑइल ती थंड करते.

पुढे कारखान्यांतच वरची टोके आधी घासून खालच्या रेघा ठेवणारे होनिंग आले, मोजमाप काटेकोर झाले, ऑइल सुधारले. मालकाचे काम एकेका ओळीने कमी होत गेले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर हे ज्ञान रोज वापरणारा सर्वांत मोठा वर्गही गेला.

आता रनिंगची गरज उरली आहे ती जुन्या गाड्या जपणाऱ्यांना, आणि त्यांच्यापुढच्या अडचणी नव्या आहेत. धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून आजच्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलांत झिंक-फॉस्फरसचे संरक्षक द्रव्य कमी केले आहे. जुन्या इंजिनांच्या सपाट टॅपेटना मात्र पहिल्या काही मिनिटांत त्याचीच सर्वांत जास्त गरज असते. महागडे सिंथेटिक ऑइल घालून जुने इंजिन सुरू करणे हे प्रेमाचे लक्षण असेल, पण ते रिंगा बसू न देण्याचेही कारण होऊ शकते.

दुसरी अडचण नियमाची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. वारसा म्हणून हा विचार स्वागतार्ह आहे. पण त्यातली गाडी ही पुरी झालेली, जशीच्या तशी ठेवायची वस्तू आहे. मूळ मापाच्या रिंगा-पिस्टन घालून बांधलेल्या इंजिनाला हजार किलोमीटर रस्ता लागतो. तो प्रदर्शनाच्या मांडवात मिळत नाही. माझ्या मते हे अंतर देखभालीतच मोजले पाहिजे आणि नियमात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे.

तोवर जुनी गाडी जपणाऱ्यांनी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. इंजिन बांधले की एक वही घालावी : बोअर कोणत्या मापाचा, काम कोणत्या मिस्त्रींचे, ऑइल कोणते, किती किलोमीटरला बदलले, धूर कधी थांबला. आपल्या मिस्त्रींनी पन्नास वर्षे ही नोंद डोक्यात ठेवली. गाडीची कागदपत्रे आपण जपतो, त्याच फाइलमध्ये या वहीलाही जागा असावी.