दुष्टत्ववाचक शब्द आणि समाजेतिहास

दुर्गुणांची नावे ही केवळ नीतिशास्त्राची सामग्री नव्हे. कोणत्या काळी समाजाने कोणास वाईट मानले, याचीही नोंद त्यांत झालेली असते. मराठीतील अशा शब्दांची व्युत्पत्ती तपासली असता त्यांचे काही ठळक वर्ग दिसून येतात.

पहिला वर्ग वक्रतेच्या कल्पनेतून निघालेला आहे. ‘कुटिल’ म्हणजे मूळचा वाकडा. संस्कृतातील ‘वृजिन’ या शब्दाचे ‘वाकडे’ व ‘पाप’ असे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजी ‘राँग’ हा शब्दही पिळणे, मुरडणे या अर्थाच्या धातूशी संबद्ध आहे. शके 1212 (इ. स. 1290) मधील ज्ञानेश्वरीच्या अखेरीस जे मागणे आहे, तेथे ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणाच योजिला आहे. मागणे दुष्टांच्या नाशाचे नसून त्यांच्यातील वाकडेपण जावे असे आहे. या वर्गातील शब्द आचरणास दोष देतात. जे वाकडे ते सरळ होऊ शकते, हे त्यांत गृहीत असते. ‘हरामखोर’ म्हणजे निषिद्ध ते खाणारा आणि ‘बदमाश’ म्हणजे ज्याची उपजीविका वाईट तो, हे फारसीतून आलेले शब्दही कृतीवरच बोट ठेवतात.

दुसऱ्या वर्गात दोष कृतीवरून माणसाच्या पायरीवर सरकतो. ‘नीच’ आणि ‘अधम’ हे मुळात स्थानदर्शक शब्द होत. इंग्रजीतही हाच प्रकार घडला. ‘व्हिलन’ हा मूळचा जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळवाडी, तर ‘नेव्ह’ म्हणजे केवळ मुलगा, पुढे चाकर आणि शेवटी लबाड. ज्यांच्या हाती लेखणी व सत्ता होती, त्यांनी आपल्याहून खालच्यांची नावे दुर्गुणांस दिली. ‘चांडाळ’ हा जातिवाचक शब्द क्रूरतेचा पर्याय झाला, तोही याच रीतीने.

तिसरा वर्ग प्रतिपक्षाच्या नावांचा. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द सर्व संप्रदायांस समानपणे लावलेला असून त्या सर्वांचा आदर करावा असे सांगितले आहे. पुढे ‘पाखंड’ म्हणजे ढोंग व धर्मद्रोह झाला. याउलट ‘गनीम’ या शब्दाची गती. लूट या अर्थाच्या अरबी शब्दाशी नाते असलेला हा शब्द मोगल लेखकांनी मराठ्यांस निंदेने लाविला. तथापि ‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोग मराठीत अभिमानाचा ठरला.

चौथ्या वर्गाचे परिणाम सर्वांत दारुण झाले. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव आणि फसवणारा या अर्थाचे सामान्यनामही आहे. ‘उचल्या’ या नावाची गतही तशीच. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समजुतीस राजशासनाचे बळ दिले. जन्म हाच पुरावा ठरला आणि नोंद झालेल्यांच्या नशिबी पोलिसांपुढील हजेरी आली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी 1918 मध्ये महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांस त्यांनी पहारेकरी नेमिले. ज्यांस चोर म्हणावयाचे त्यांच्याच हाती राखण देणे, हे त्या शब्दार्थाचे प्रत्यक्ष खंडन होते. मुंबई राज्यात हा कायदा 1949 मध्ये व देशभर 1952 मध्ये रद्द झाला आणि ‘विमुक्त’ ही नवी संज्ञा रूढ झाली. तरीही जुने अर्थ बोलण्यातून गेले नाहीत. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 मध्ये आपल्या आत्मकथनास ‘उचल्या’ हेच नाव दिले, आणि पूर्वी इतरांनी लावलेली संज्ञा प्रथमच त्या समाजातील माणसाच्या तोंडून आपली हकीकत सांगू लागली.

यावरून कोशकारांचे एक कर्तव्य सूचित होते. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशापासून पुढे शब्दांचे रूढ अर्थ कसोशीने नोंदविले गेले. परंतु रूढ अर्थ म्हणजे सिद्ध झालेला आरोप नव्हे. जेथे जमातीचे नाव दुर्गुणाचे नाव झाले आहे, तेथे अर्थाबरोबर त्या अर्थाचा इतिहासही द्यावयास हवा. कायदा एका दिवशी रद्द होतो. शब्दातील शिक्षा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते.