नाव काढून बघा

मागच्या सुट्टीत भाचा अंकुशनगरला आला होता. साठवलेल्या पैशांतून त्यानं एक व्हिडिओ गेम घेतला, आवडत्या अ‍ॅनिमेवरचा. (गेमचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको.) दोन दिवसांत पठ्ठ्या कंटाळला. भिंतीतून आरपार जाणारी माणसं, तीच ती चार मैदानं. म्हटलं, "पैसे वाया गेले की रे!" तर म्हणतो, "मामा, अ‍ॅनिमेवरचा गेम म्हणजे एवढंच असणार. बजेटच नसतं त्यांना."

मला ते टोचलं. कारण आम्ही हे वाक्य जन्मभर ऐकत आलोय. रस्ता असो की दवाखाना, "मराठवाड्याच्या मानानं बरंय की!" आणि म्हणणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो.

असो. मुद्दा बजेटचा. नाव गाजलेलं असलं की माल खपतोच, मग कष्ट कशाला, हा हिशोब जुना आहे. १९८२ साली अटारीनं 'ई.टी.' सिनेमावर गेम काढला. हक्क मिळाले जुलैमध्ये आणि माल दुकानात हवा नाताळाला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला जेमतेम पाच आठवडे मिळाले. न खपलेल्या कॅसेटी शेवटी न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरल्या, त्या २०१४ साली उकरून काढल्या. पैसा कमी नव्हता हो, तो हक्कांवर उधळला होता!

जपानात बांदाईनं १९८६ साली 'ड्रॅगन बॉल'वर गेम काढला. तो तिथं धडाक्यात खपला. अमेरिकेत १९८८ साली तोच गेम गेला, पण ड्रॅगन बॉल हे नाव काढून, गोकूचा चेहरा बदलून, 'ड्रॅगन पॉवर' म्हणून. तिथल्या पोरांना गोकू ठाऊकच नव्हता. नाव गेल्यावर उरला तो एक अडखळणारा, साधासुधा गेम. मला ही परीक्षा फार आवडते.

आता दुसरी बाजू. रविवारी दूरदर्शनवर 'डक टेल्स' बघितलेले आपण सगळे. त्यावरचा कॅपकॉमचा गेम १९८९ चा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्या आठ-बिटवाल्या डब्यांच्या जमान्यातला. तो करायला 'मेगा मॅन'वर काम केलेली माणसं बसवली होती. अंकल स्क्रूज काठीवर टुणटुण उड्या मारतो, तेवढ्या एका युक्तीवर अख्खा खेळ उभा आहे. स्क्रूजऐवजी दुसरा कुणी असता तरी मजा तीच. २०१३ साली तो नव्यानं काढावासा वाटला, यातच आलं.

आणि आपलं 'जंगल बुक'? तोही मूळचा जपानी अ‍ॅनिमेच, निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा, १९८९ चा. हिंदीत आणताना कसंबसं डबिंग उरकता आलं असतं. पोरांचं तर आहे! पण गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. आजही तो आवाज आठवला की अंगावर काटा येतो.

बजेट खरंच कमी असेल, तर काय माफ करायचं? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' बघा, २०२० चा. किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत, संस्थापकांपैकी एकीनं स्वतःचा फ्लॅट विकला. गेम पाच-सहा तासांत संपतो, मारामारी जरा कच्ची आहे. ते मी माफ केलं, कारण चित्रात कुठं हात आखडलेला नाही. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. लहान असणं वेगळं, उरकणं वेगळं.

आणि त्याच ड्रॅगन बॉलवर २०१८ साली आर्क सिस्टम वर्क्सनं 'फायटरझेड' केला. त्रिमितीय पुतळे, पण हाताने काढलेल्या चित्रासारखे दिसावेत म्हणून एकेक पवित्रा हाताने बसवलेला. त्या वर्षीचा सर्वोत्तम फायटिंग गेम ठरला. गोकू तोच बरं का.

हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. रात्री जेवताना म्हणाला, "मामा, त्याचा दुसरा भाग येतोय. घेऊ का?"

म्हटलं, आधी पहिला संपव.