टाकोआ, १९८२ : टाकीच्या तळाशी असलेले पाणी

१/ १९ डिसेंबर १९८२, रविवार. व्हेनेझुएलात काराकासजवळच्या समुद्रकाठी, टाकोआ येथील वीजकेंद्रात भल्या सकाळी काही कामगार तेलाची पातळी मोजण्यासाठी टाकी क्रमांक ८ वर गेले. स्फोट झाला, छत उडाले आणि टाकी पेटली. या स्फोटात दोघांचा अंत झाला. दुपार होईपर्यंत मृतांची संख्या १५० च्या पुढे गेली होती.

२/ टाकीत जड इंधन तेल होते. ते दाट असल्याने पंपातून वाहावे म्हणून तापवून ठेवावे लागते. थंड असताना ते सहज पेटत नाही. म्हणून ते कमी धोक्याचे मानले जाई. पण ठरावीक तापमानापुढे, म्हणजे फ्लॅश पॉइंटपुढे, त्यातून ज्वालाग्राही वाफ निघू लागते. टाकोआतील तेल ती मर्यादा ओलांडून गेले होते.

३/ स्फोटानंतर आग एकाच टाकीपुरती राहिली. ज्वाळा वर, तेल आत. अग्निशामक दल, वीजकेंद्राचे कर्मचारी, पत्रकार आणि बघे टाकीच्या परिसरात जमले. पसरत नसलेली आग आटोक्यात आहे, असेच कोणालाही वाटले असते.

४/ प्रत्यक्षात धोका खाली सरकत होता. पृष्ठभागावरचे हलके घटक जळून जातात. मागे उरलेला जड, अतितप्त थर हळूहळू तळाकडे उतरतो. साठवणुकीच्या टाकीच्या तळाशी बहुधा थोडे पाणी साचलेले असते. कढईतल्या कडकडीत तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. इथे थेंब नव्हता आणि कढई सुमारे ५५ मीटर व्यासाची होती.

५/ वाफ होताना पाण्याचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी वाढते. आग लागल्यानंतर सुमारे सहा तासांनी त्या वाफेने जळते तेल आकाशात उधळले. ते भोवतालचा बंधारा ओलांडून उतारावरून समुद्राकडे धावले. मृतांत अग्निशामक दलाचे अनेक जवान होते. या प्रकाराला ‘बॉइलओव्हर’ म्हणतात.

६/ कच्च्या तेलाच्या बाबतीत हा प्रकार पूर्वीपासून परिचित होता. ऑगस्ट १९८३ मध्ये वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे कच्च्या तेलाची प्रचंड टाकी पेटली. तिथेही बॉइलओव्हर झाला. मात्र एकही मृत्यू झाला नाही.

७/ म्हणून तेलटाकीच्या धोक्याचे मूल्यमापन करताना केवळ ‘तेल किती सहज पेटते’ एवढे विचारून भागत नाही. तळाशी पाणी किती? आगीवर मारलेले पाणी खाली साचते आहे का? तप्त थर कुठवर उतरला? (टाकीच्या पत्र्यावर पाणी मारून वाफ कोणत्या उंचीपर्यंत उठते, यावरून त्याचा अंदाज येतो.) तेल उसळलेच तर उतार कोणत्या दिशेला आहे आणि त्या वाटेवर कोण उभे आहे?

८/ टाकोआत जमलेल्यांना आग दिसत होती. पाणी दिसत नव्हते. सहा तासांची ती शांतता हाच माणसांना दूर नेण्याचा अवधी होता.