रंगपंचमीनंतरचं माहेर

स्कॉटलंडच्या डोंगरातली एखादी ऐतिहासिक प्रेमकथा तुम्ही मोबाइलवर नक्की पाहिली किंवा वाचली असेल. धुक्यातली गढी, चौकड्यांचे किल्ट घातलेले योद्धे, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन घराणी. एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी. शेवटी लग्न होतं आणि वैर मिटतं.

अशी गोष्ट आपल्याकडेही आहे. फक्त आपल्या गोष्टीत लग्न आधी होतं आणि वैर नंतर येतं.

बखरी सांगतात ती सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. सिंदखेडला लखुजीराव जाधवांच्या वाड्यात रंगपंचमी चालली होती. लखुजीराव निजामशाहीतले बडे सरदार. त्यांची लहानगी जिजा आणि मालोजी भोसल्यांचा मुलगा शहाजी एकमेकांवर रंग उडवू लागले. जोडा शोभतो, असं लखुजीराव हसत बोलून गेले. मालोजींनी तो शब्द तिथल्या तिथे पकडला आणि भर सभेत आपण व्याही झालो असं जाहीर केलं. लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाईंना ही सोयरीक कमीपणाची वाटली. पुढे मालोजींचा दरबारातला मान वाढला, तेव्हाच लग्न झालं.

या बखरी बऱ्याच उशिरा लिहिलेल्या आहेत, त्यामुळे रंगपंचमीचा प्रसंग दंतकथा म्हणूनच घ्यावा. पण दंतकथाही काहीतरी सांगते. तिच्यात सगळा वाद बरोबरीचा आहे. मुलीला कोणी काही विचारत नाही.

लग्नानंतरचा भाग मात्र रील्समध्ये सहसा येत नाही. एकदा निजामशहाचा दरबार संपून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी त्याला रोखायला धावला. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी आणि खेलोजी खंडागळ्यांच्या बाजूने मध्ये पडले. हत्ती राहिला बाजूला आणि जाधव-भोसल्यांचीच जुंपली. संभाजीच्या हातून दत्ताजी मारला गेला. ते कळताच लखुजीराव मागे फिरले आणि त्यांनी संभाजीला मारलं. या झटापटीत शहाजीराजेही जखमी झाले. जिजाऊंच्या बाजूने पाहा. भावाला दिराने मारलं, दिराला वडिलांनी मारलं आणि नवरा जखमी होऊन घरी आला. हे सगळं एकाच दिवसात.

१६२४मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली. शहाजीराजे निजामशाहीकडून, मलिक अंबरच्या फौजेत होते. लखुजीराव समोर, मोगलांच्या बाजूला. शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. पुढे लखुजीराव निजामशाहीत परतले. १६२९मध्ये दौलताबादच्या दरबारात त्यांचा, दोन मुलांचा आणि एका नातवाचा खून झाला. त्यानंतर काही महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. माहेरची इतकी माणसं गमावलेल्या बाईच्या पोटी हे मूल आलं, हे आपण पाळणे गाताना विसरतो.

सोयरिकीने वैर थांबत नाही, हे स्कॉटलंडलाही चुकलं नाही. १६९२मध्ये ग्लेन्को खोऱ्यात मॅक्डोनल्ड लोकांनी सरकारी सैनिकांना जवळपास दोन आठवडे पाहुणे म्हणून ठेवून घेतलं. एका पहाटे त्याच सैनिकांनी यजमानांची कत्तल केली. त्यांच्या तुकडीचा म्होरक्या कॅम्पबेल घराण्यातला होता आणि त्याची भाची मॅक्डोनल्ड नाईकाच्या धाकट्या मुलाला दिलेली होती.

मग तिथलं वैर मिटलं कसं? १७४६मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगराळ टोळ्यांचं बंड मोडलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि घराण्यांच्या नाईकांकडे वंशपरंपरेने असलेला न्यायनिवाड्याचा अधिकार काढून घेतला गेला. ही नाईकी संपल्यानंतर, १८१४मध्ये, वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ आली आणि त्या घराण्यांभोवती रम्य वलय तयार झालं. प्रणयकथा आली ती वैराचे दात पाडून झाल्यावर.

शिवाजी महाराजांना हे फार आधी उमगलं असावं. सोयरिकी त्यांनीही केल्या. निंबाळकर, मोहिते, शिर्के अशा घराण्यांतून राण्या आल्या. जाधवांच्या घरातून काशीबाई आल्या, म्हणजे आजोळशी नातं पुन्हा जोडलं गेलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. देशमुखांनी बांधलेले कोट आणि तटबंदीचे वाडे महाराजांनी पाडायला लावले, असं सभासद लिहितो. ज्याच्याकडे स्वतःची तटबंदी आणि स्वतःची फौज आहे, तो भांडणाचा निवाडाही स्वतःच करणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना सरदारांना धरून ठेवायला वतनं पुन्हा द्यावी लागली, आणि जुनी दुखणी उफाळली. संताजी घोरपड्यांनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिलं. अमृतरावांची बहीण राधाबाई म्हसवडच्या नागोजी मान्यांची बायको होती. भावाचा सूड घ्या, असं तिने नवऱ्याला सांगितल्याची कथा आहे. १६९७मध्ये नागोजींनी संताजींना मारलं. औरंगजेबाच्या फौजांना धडकी भरवणारा सेनानी घरच्या वैरात गेला.

पारोळ्याला आपला भुईकोट किल्ला दाखवताना लोक आणखी एक ओळख अभिमानाने सांगतात. झाशीच्या राणीच्या माहेरचं तांबे घराणं इथलं. राणीची ओळख सासरच्या गावाने झाली, तरी माहेर कुणी विसरलेलं नाही. खानदेशात हे समजावून सांगावं लागत नाही. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी घरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. बांधावरून किंवा वाटणीवरून दोन्ही घरांचं बिनसलं असेल, तर मात्र त्या वर्षी लेकीचा झोका रिकामा राहतो. कोर्टातली तारीख पुरुषांची असते, पण आखाजी तिची चुकते.

म्हणून पुढच्या वेळी दोन वैरी घराण्यांची प्रेमकथा पाहाल, तेव्हा लग्न लागल्यावर लगेच स्क्रीन बंद करू नका. एवढंच विचारा, पुढच्या आखाजीला ती माहेरी जाऊ शकली का?