लिनक्सचा कारभार दुरून: ओपनएलएमआयची हकिकत

1988मध्ये आलेल्या एसएनएमपीमुळे नेटवर्कवरच्या यंत्रांची विचारपूस सोपी झाली; पण त्यांत बदल करण्यासाठी तो प्रोटोकॉल क्वचितच वापरला गेला. 1996मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को, कॉम्पॅक आणि बीएमसी यांनी डब्ल्यूबीईएम हा उपक्रम सुरू केला. पुढे तो डीएमटीएफ या मानक संस्थेकडे गेला. डिस्क, नेटवर्क कार्ड, सेवा, वापरकर्ते या सगळ्यांचे वर्णन सीआयएम या एकाच प्रारूपात करायचे आणि एचटीटीपीवरून त्यांचा कारभार पाहायचा, ही त्यामागची कल्पना. विंडोजने ती डब्ल्यूएमआयच्या रूपात अंगीकारली. लिनक्सचे प्रशासक मात्र एसएसएच आणि स्वतःच्या स्क्रिप्टवरच विसंबून राहिले.

ही उणीव भरून काढण्यासाठी रेड हॅटच्या अभियंत्यांनी सीआयएमवर आधारलेले ओपनएलएमआय उभारले. ते आधी फेडोरात आणि 2014मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 7मध्ये आले. ओपनपेगासस हा सर्व्हर 5989 पोर्टवर सुरक्षित विनंती घेऊन ती योग्य प्रोव्हायडरकडे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या घटकाकडे, सोपवी. पायथनवर आधारलेल्या एलएमआयशेलमधून अनेक यंत्रे हाताळता येत. रचना खरोखरच भक्कम होती. पण सीआयएमची वर्गरचना इतकी किचकट, की साध्या कामालाही बराच अभ्यास लागे. त्याच सुमारास आलेल्या अॅन्सिबल या साधनाला एसएसएच पुरे होई, वेगळा एजंट लागत नसे. प्रशासकांनी हाच सुटसुटीत मार्ग धरला. रेड हॅटनेही वेब कन्सोलसाठी कॉकपिटला पसंती दिली आणि 2019च्या आठव्या आवृत्तीत ओपनएलएमआय उरले नाही.